मडकं शिंकलं

आमच्या गल्लीत हिराजीकाकांचं ऑनलाइन भांडण आधी ऑफलाइन ऐकू येतं आणि मग फोनवर दिसतं. कारण काका टाइप करत नाहीत. त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट ट्रकच्या फाळक्यात सापडून कधीच चपटं झालंय, ते एका वेळी तीन अक्षरं दाबतं. म्हणून काका बोलतात आणि फोन लिहून घेतो. अठ्ठावीस वर्षं ट्रक हाकलेल्या माणसाचा आवाज, त्यात सकाळची वेळ. ओटीवर बसून फोन तोंडासमोर धरतात आणि गरजतात, "तुझ्यासारखे लय बघितले स्वल्पविराम पोरा पूर्णविराम. आधी गावात येऊन ऱ्हा स्वल्पविराम मग आम्हाला शिकव पूर्णविराम." समोरच्या घरातली मंडळी चहा पिता पिता ऐकतात. ज्याला उद्देशून हे चाललंय तो चार घरं सोडून राहत असेल, तर त्याला ते ग्रुपवर यायच्या आधीच पोचलेलं असतं. एकदा वरच्या आळीतल्या एकाने खिडकीतूनच उत्तर दिलं. काकांनी त्याला बजावलं, "इथं न्हाय. जे काय बोलायचं ते ग्रुपवर बोल. चारचौघांत."

फोनला त्यांची भाषा नीट पचत नाही, तो भाग वेगळा. त्यांचं 'न्हाय' फोनला कळत नाही, तो 'न्हावी' लिहितो. आमच्याकडे थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, खडे मीठ, हौस असेल तर बटाटे आणि अंडी भरायची, तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा, मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. त्या पोपटीवरून बऱ्याच वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात काकांनी ठणकावून सांगितलं, "पाणी न्हाय, तेल न्हाय, मसाला न्हाय." ग्रुपवर उमटलं, 'पोपटीत पाणी न्हावी, तेल न्हावी, मसाला न्हावी.' सलूनवाला सुधीर अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक खुर्चीत सोडून आला. म्हणाला, "काका, तीन-तीनदा मला पोपटीत का घालताय?"

हा ग्रुप माझा. म्हणजे मी त्याचा अॅडमिन. रेवदंड्याच्या रस्त्यावर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, त्यामुळे फोनमधलं जे काही बिघडतं ते माझ्यामुळे बिघडतं अशी गावाची समजूत आहे. ग्रुप मी काढला तो नळाला पाणी कधी येणार हे सगळ्यांना कळावं म्हणून. पहिल्याच दिवशी मी लिहिलं, 'आज पाणी साडेसहाला येईल.' दोन मिनिटांत खाली काकांचं उत्तर: 'पाणी येत नसतं. सोडावं लागतं. साडेसहाला कोण सोडणार त्याचं नाव लिही. बोला, कोणाचं काय म्हणणं?'

'बोला, कोणाचं काय म्हणणं?' हे त्यांचं पालुपद. प्रत्येक पोस्ट त्यानेच संपते. वर स्वतःचं पूर्ण नाव, फोटो, आणि पत्ता: मारुतीच्या देवळामागे, निळं दार. लोक हौसेने 'कोकणचा ढाण्या', 'दर्याचा राजा' अशी नावं घेऊन भांडतात, काकांना त्यांचा भयंकर राग. "तोंड झाकून दगड मारतात लेकाचे," म्हणायचे. "मी हाय तसा हाय. यायचं तर दारात ये, चा पी आनि मग भांड."

तुम्ही एवढं भांडता कशासाठी, असं मी त्यांना कितीदा तरी विचारलंय. दर वेळी कारण वेगळं. एकदा म्हणाले, डोकं वापरलं न्हाय तर गंजतं. एकदा म्हणाले, खोटं बघवत न्हाय. डॉक्टरांना त्यांनी सांगितलं की भांडलो की रक्तदाब उतरतो, आणि डॉक्टरांनी मोजून दाखवल्यावर मशीन खोटं ठरवलं. मला पटलेलं कारण एकच. "अठ्ठावीस वरसं केबिनमधे एकटा बसून बोललो," ते म्हणाले होते. "क्लीनर झोपलेला. गाडी चाललीय आनि मी बोलतोय. सुरत आलं, वापी आलं, कोन उलट बोलायला न्हाय. आता कुठं उलट बोलनारी मानसं भेटली, ती सोडू व्हय?"

मुद्दा कुठलाही चालतो. एका तरुणाने लिहिलं की पाव हा पोर्तुगीजांचा, आपण तो खाणं सोडलं पाहिजे. रेवदंड्याच्या पोर्तुगीज कोटाच्या सावलीत राहून असं लिहिणं म्हणजे धाडसच. काकांनी सकाळी सातला सुरुवात केली. "बटाटा पन त्यांचाच. तो पन परत कर पूर्णविराम. चावी त्यांची स्वल्पविराम घर उघडं टाक पूर्णविराम. आनि पगार हा शब्द पन त्यांचाच हाय स्वल्पविराम तर एक तारखेला सायबाला सांग मला नको म्हनून पूर्णविराम." त्या पोराने दुपारपर्यंत दम धरला आणि संध्याकाळी त्याचा वडापाव खातानाचा फोटो कोणीतरी टाकला. काकांनी त्याला अंगठा दिला. जिंकल्यावर ते दिलदार होतात, हरल्याचं मात्र मला एकही उदाहरण आठवत नाही. 'चुकलो' हा शब्द त्यांनी ना फोनला सांगितला, ना काकीला.

अशा माणसाला तीन वर्षांपूर्वी एक जोडीदार मिळाला. नाव 'अबोली'. आडनावाची जागा रिकामी सोडता येत नाही म्हणून तिथेही 'अबोली'. फोटोत नुसता गजरा. ना गाव, ना पत्ता, आणि या ग्रुपवर कोणाचा नंबर दिसत नाही. काकांच्या नियमाने हा तोंड झाकलेलाच माणूस, पण अबोलीला त्यांनी एकदाही नाव विचारलं नाही.

अबोलीचा एकच विषय, पोपटी. बाकी गावात काहीही पेटो, अबोली गप्प. डिसेंबर लागला आणि काकांनी पोपटीवर तोंड उघडलं की खाली अबोली हजर. काका म्हणायचे, कोंबडी घातलीच पाहिजे. अबोली म्हणायची, कोंबडी घातली की ती पोपटी नव्हे, कोंबडीचा अंत्यविधी. काका म्हणायचे, बाभळीच्या काटक्या जाळा. अबोली म्हणायची, गवत आणि पेंढा, काटक्यांनी मडकं तडकतं. शंभर-शंभर उत्तरं व्हायची. गावातले लोक याला हिवाळी अधिवेशन म्हणायचे. अबोली म्हणजे अलिबागच्या कॉलेजातलं कोणीतरी टवाळ पोर, असं सगळ्यांचं मत होतं. माझंही.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. दर वर्षी मी काकांच्या शेतावर त्यांची पोपटी खायला जातो, आणि त्यांच्या मडक्यातून कोंबडीचं कधी पीसही निघालेलं नाही. नुसत्या शेंगा, चार बटाटे, चार अंडी. पेटवायला पेंढा. मी एकदा विचारलं, "काका, कोंबडी कुठंय?" तर म्हणाले, "तू शेंगा खा."

गेल्या हिवाळ्यात अधिवेशन हाताबाहेर गेलं. नळाच्या पाण्याची वेळ कोंबडीखाली गाडली जाऊ लागली. तीन बायकांचे हंडे रिकामे राहिले आणि त्या तिघी माझ्या दुकानात आल्या. गावाच्या वेशीवर 'तंटामुक्त गाव' अशी पाटी आहे, आणि तंटा मिटवणाऱ्या मंडळींनीही मला बोलावून सांगितलं की दोघांना काढ, नाहीतर पाटी काढावी लागेल. मी भित्रा माणूस. शब्द मनात जुळवत काकांकडे गेलो.

"काका, तुम्हाला आणि त्या अबोलीला ग्रुपमधून काढायला सांगतायत."

"कोन सांगतंय? नाव सांग."

"सगळेच."

"सगळे म्हंजे कोन न्हाय," काका म्हणाले. "काढायचं तर काढ. भितो व्हय मी? मी देवळासमोर खुर्ची टाकून बोलेन." मग त्यांनी फोन मांडीवर उपडा ठेवला. "न्हाय. ऐक, अॅडमिन. मला काढू नको. मी पान्याच्या टायमाला गप बसतो, साडेसहा ते साडेसात. पन मला काढू नको. आनि तिला तर अजिबात काढू नको."

"तिला? ती बाई आहे हे कुणी सांगितलं?"

"गजरा दिसत न्हाय काय तुला?" असं म्हणून ते आत निघून गेले. इतक्या वर्षांत वादातून उठून आत जाताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. मी दोघांनाही काढलं नाही. तंटेवाल्यांना सांगितलं, बटण सापडत नाही.

आणि मग अबोलीच बोलायची थांबली. भर हंगामात. काकांनी कोंबडीवर लिहिलं, उत्तर नाही. काटक्यांवर लिहिलं, उत्तर नाही. चौथ्या दिवशी ते दुकानात आले. "नेट चालू हाय ना?" पाचव्या दिवशी फोन बंद करून चालू करून घेतला. आठव्या दिवशी आले ते दरवाजातूनच ओरडले, "तू काढलंस ना तिला? पाटी वाचवायला काढलंस." मी त्यांना सभासदांची यादी दाखवली. गजरा जागच्या जागी होता. त्यांनी तो चपट्या बोटाने दोनदा चाचपला आणि गेले. माझ्यावर खोटा आळ घेतला म्हणून मला राग यायला हवा होता, पण मला त्यांची काळजी वाटली.

त्या संध्याकाळी मी काकीला गाठलं. काकी दारात बसून तांदूळ निवडत होती. मी विचारलं, अबोली कोण? काकीने सुपातून मान वर केली नाही.

"आमची गुलाब," ती म्हणाली. "नणंद माझी. बोर्ली पंचतनला दिलीय ती."

गुलाबआत्या मला लहानपणची आठवत होती. काकांची धाकटी बहीण, मोठ्या आवाजाची. मग ती यायची बंद झाली आणि आम्ही कोणी विचारलं नाही. भावंडांत जमिनीचं काहीतरी असेल, असं समजलो. तसंच होतं. बापाच्या जमिनीच्या कागदावर बहिणीच्या सह्या लागतात. काकांनी स्वतः जाऊन सांगायचं सोडून कागद दुसऱ्याच्या हाती बोर्लीला धाडला. गुलाब तो कागद तसाच घेऊन इथे आली आणि विचारती झाली, सही देईन, पण तू मागायला का आला न्हाईस?

"तेवढंच इचारलं बघ तिनं," काकी म्हणाली. "आनि हे पेटले. बोलले, सही कर, न्हायतर या उंबऱ्यावर पाय ठेवू नको. ती इथंच उभी होती. इथंच बसली, गुडघ्यावर कागद धरून सही केली, पेन यांच्या हातात दिलं आनि निघाली. नऊ वरसं झाली. सही पन दिली आनि पायपन ठेवला न्हाय."

"मग अबोली म्हणजे तीच, हे कसं कळलं?"

काकी हसली. "पोपटी झाली का न्हाय ते बघायला मडक्यावर पान्याचा थेंब मारतात ना? चर्र करतं. लोक बोलतात मडकं वाजलं. माझी सासू बोलायची, मडकं शिंकलं. हे दोघंच बोलतात तसं, आख्ख्या मुलखात दुसरं कोन न्हाय बोलत. तीन वरसांमागं त्या गजऱ्यानं लिवलं, मडकं शिंकलं की उतरवावं. यांनी जेवता जेवता वाचलं. ताट तसंच ऱ्हायलं."

मी घरी आलो आणि तीन वर्षांची भांडणं पुन्हा वाचून काढली. कोंबडी, काटक्या, सगळं. काका एकदाही स्वतःच्या मनातलं बोलले नव्हते. जे ते स्वतः कधी करत नाहीत तेच मुद्दाम लिहीत होते, कारण बरोबर लिहिलं असतं तर ती उत्तर कशाला देईल? अबोला कुणी मोडला नव्हता. बोलत होती ती 'अबोली' आणि बोलत होता तो गावाचा भांडकुदळ. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी इथे लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गल्लीने ऐकलं:

"पोपटीत दोन वाट्या पाणी घालावं पूर्णविराम. आमची आई घालायची पूर्णविराम. बोला स्वल्पविराम कोणाचं काय म्हणणं प्रश्नचिन्ह."

समोरच्या घरात कप खाली ठेवल्याचा आवाज आला. पोपटीत पाणी म्हणजे आमच्याकडे पाखंड. मडक्याला पाण्याचा थेंब आतून लागू द्यायचा नाही, हे शाळेत न गेलेल्यालाही ठाऊक. तासाभरात सगळा गाव तुटून पडला. पेणहून, पालीहून, मुंबईत राहणाऱ्यांकडून उत्तरं आली. 'काका, ती पोपटी की डाळ?' 'वय झालं.' 'ट्रकच्या रेडिएटरमध्ये घालतात ते, मडक्यात नाही.' पाववाल्या पोराने तर नऊ हसरे चेहरे टाकले. सुधीरने काकांचीच जुनी पोस्ट शोधून काढली, 'पोपटीत पाणी न्हावी', आणि विचारलं, आता मी आत की बाहेर?

काकांनी कुणालाही उत्तर दिलं नाही. ज्या माणसाने पूर्णविरामावरूनही भांडण सोडलं नसतं, तो ओटीवर बसून सगळं ऐकून घेत होता. मी दुकान बंद करून त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, "पोस्ट काढून टाकू का?"

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "बोलू दे लोकांना. मी कोनाला भितो?"

दोन दिवस लोक बोलले. तिसऱ्या दिवशी दुपारी गजरा हलला.

'आईनं जन्मात पोपटीत पाणी घातलं न्हाय. पाणी बाहेरून मारायची, चार थेंब. मग मडकं शिंकायचं. मेलेल्या माणसावर खोटं घालू नये.'

गावाने टाळ्या वाजवल्या, अबोली जिंकली म्हणून. 'तुमच्या आईनं' नव्हे, नुसतं 'आईनं' लिहिलंय, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. काकांनी ते वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. मग त्यांनी फोन तोंडाशी नेला. मी कान झाकायच्या तयारीत होतो. पण ते बोलले नाहीत. फोन खाली मांडीवर घेतला आणि त्या चपट्या बोटाने टाइप करू लागले. एक अक्षर दाबायचे, तीन उमटायची, दोन पुसायचे. मी मदतीला हात पुढे केला तर बाजूला सारला. बराच वेळ गेला. गल्लीला काही ऐकू आलं नाही. मग ग्रुपवर दिसलं:

'माझं चुकलं.'

पूर्णविरामासकट.

गावात फटाके लागायचे तेवढे राहिले. काका हरले! लोकांनी त्याचे फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. काकांनी मला कोपराने ढोसलं. "ते वर टांगून ठेवतात ना, सगळ्यांना आधी दिसतं तसं, ते कर."

"काका, लोक हसतील."

"हसू दे की. मी बोललोय ते बोललोय. चोरून न्हाय बोललो."

मी टांगलं. संध्याकाळी त्याखाली अबोलीचं उत्तर आलं, आणि ते गावाला अजून कळलेलं नाही. लोकांनी खाली प्रश्नचिन्हं टाकली, एकाने मला विचारलं की ही म्हण आहे का.

'पोपटी शेतात लावतात. शेताला उंबरा नसतो.'

काका माझ्याकडे वळले. "आता याला काय उत्तर द्यायचं?" असं त्यांनी विचारलं. मला. मी म्हटलं, "कधी लावणार तेवढं लिहा." त्यांनी लिहिलं, 'रविवारी.'

रविवारी उन्हं कलताना गुलाबआत्या शेतावर आली. दिघीहून बोटीने आगरदांडा, तिथून एसटी, आणि फाट्यापासून रिक्षा. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. मोतीबिंदू काढलाय, महिनाभर फोन बघायचा नाही असं सांगितलंय, म्हणून गप्प होते म्हणाली. "सुनेनं वाचून दाखवलं, दोन वाट्या पानी. असा राग आला मना. तिलाच बोलले, लिव. आख्ख्या आळीनं ऐकलं."

काका पेंढा लावत होते. पाठ करूनच म्हणाले, "बस."

"कुठं बसू? पाला केवढा कमी कोंबलाय मडक्यात. शेंगा जळतील."

"न्हाय जळत."

"जळतील, दादूस."

दादूस म्हटल्यावर काकांचा हात थांबला, पण ते वळले नाहीत. जाळ बसला तेव्हा आत्याने ओंजळीतून मडक्यावर चार थेंब मारले. मडकं शिंकलं. दोघं एकदमच म्हणाली, "शिंकलं," आणि मग दोघंही दुसरीकडे बघू लागली. काकी पदराने डोळे पुसत धुराला नावं ठेवत होती.

मी आत्याला विचारलं, "तुम्ही ग्रुपमध्ये आलात कशाला? भांडायला?"

"छे रे बाबा, भांडायला कशाला? पानी कधी येतं ते बघायला." म्हणजे इथलं. बोर्लीला बसून ती तीन वर्षं रोज माहेरच्या नळाला पाणी कधी येतं ते वाचत होती. "साडेसहा बघितलं की वाटायचं, आता वयनी हंडा लावत असंल."

शेंगा थोड्या जळल्याच होत्या. त्यावरून दोघांचं अंधार पडेपर्यंत चाललं. काकी तीनदा म्हणाली, घरी चल, ऱ्हा आजची रात. आत्या तीनदा नाही म्हणाली. "वयनी, तो शब्द बोललाय आनि मी ऐकलाय. शेतात येईन." ती शेताच्या बांधावरूनच परत गेली. रेवदंड्याला तिच्या दिराची लेक असते, तिच्याकडे. घर बांधावरून दिसत होतं.

काकांनी दोन दिवस ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत छिन्नीचा आवाज आला. मी धावलो. काकांच्या दारात सुतार बसला होता आणि बापजाद्यांचा सागवानी उंबरा चौकटीतून कापत होता. त्या उंबऱ्यावर काकी रोज रांगोळी घालायची, लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहायची. मला वाटलं, आता काकी आकाशपाताळ एक करणार. काकी सुतारासाठी चहा घेऊन आली. म्हणाली, "खालून नीट काप हो, कुसू ऱ्हायला नको. तिच्या पायाला लागंल."

"काका, हे काय?"

"मी काय बोललो होतो?" त्यांनी वकिलासारखी मान ताठ केली. "या उंबऱ्यावर पाय ठेवू नको. बरोबर? आता उंबराच न्हाय, तर पाय ठेवनार कशावर? माझा शब्द हाय तसा हाय आनि तिचापन हाय तसा हाय. दाखव चूक कुठाय."

मला चूक सापडली नाही. त्यांनी मला उघड्या चौकटीचा फोटो काढायला लावला आणि मग ओटीवर बसून, फोन तोंडासमोर धरून, आख्ख्या गल्लीला ऐकवत फोनला सांगितलं:

"आमच्या घराला आजपासून उंबरा नाही पूर्णविराम. ज्याला यायचं त्यानं सरळ यावं पूर्णविराम. बोला स्वल्पविराम कोणाचं काय म्हणणं प्रश्नचिन्ह."

म्हणणं सगळ्या गावाचं होतं. उंबरा काढला की लक्ष्मी जाते, साप शिरतो, वास्तू बिघडते. एकाने शांतीचा विधी सुचवला. पाववाल्या पोराने विचारलं, उंबरापण पोर्तुगीजांचा होता का. तंटेवाल्यांनी मला फोन केला की हे आता फार झालं, याला काढ. मी म्हटलं, "नाही काढत. ग्रुप माझा आहे. तुम्ही तुमची पाटी काढा." असं मी बोलू शकतो हे मला त्या दिवशीच कळलं.

फक्त अबोलीने काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारची मुरूडची गाडी गेल्यावर काळा चष्मा लावलेली एक बाई माझ्या दुकानावरून मारुतीच्या देवळाकडे गेली. थोड्या वेळाने काकांच्या घरातून जोरात भांडण ऐकू आलं. मी सवयीने ग्रुप उघडला. तिथे काही नव्हतं.